४५० मापाचं हेलिकॉप्टर: पैसे टेलमध्ये घाला, सांगाड्यात नको

४५० मापाचं रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टर सुटे भाग आणून जुळवायचं असेल, तर चार सर्वोंपैकी (सर्वो म्हणजे रेडिओच्या हुकमानं हलणारी छोटी मोटर) शेपटीचा, म्हणजे टेलचा सर्वो सगळ्यात भारी घ्यावा आणि सांगाडा सगळ्यात स्वस्त, असं माझं स्पष्ट मत आहे. विकणारे उलट सांगतात. आधी सांगाडा पुढं करतात. कार्बनच्या चकचकीत प्लेटा, निळं-लाल ॲनोडाइज केलेलं रोटर हेड. गिऱ्हाईक तिथंच गार होतं, पैसे तिथंच संपतात आणि मग "उरलेल्यात हे चार सर्वो बसतील की" म्हणून एक पाकीट सरकवलं जातं. अहो, सांगाडा पडल्यावर मोडणारच आहे. तैवानचा असो नाहीतर चीनचा, जमिनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. मोडणाऱ्या वस्तूत रक्कम अडकवून, ज्याच्यावर ते न पडणं अवलंबून आहे तिथं हात आखडायचा, हा हिशेब मला पटत नाही.

माझा धंदा लेथचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाचे शाफ्ट, बुश, ऑइल इंजिनाचं सटरफटर काम करतो. हेलिकॉप्टरचा नाद मूळ भाच्याचा. इंजिनिअरिंगला आहे, मोबाइलवर व्हिडिओ बघून आला आणि म्हणाला, "मामा, तयार मिळतंय. खोक्यातनं काढायचं, बॅटरी लावायची, उडवायचं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ओएमपी हॉबीचं एम-२ किंवा गूस्कायचं एस-२ ही लहान हेलिकॉप्टरं तशीच येतात. त्यांत मेन रोटर थेट मोटरवर बसलेला, टेललाही स्वतःची वेगळी मोटर. गिअर नाही, बेल्ट नाही. ओळखीतल्या एकाचं एम-२ हातात घेऊन उलटसुलट बघितलं. काम बारीक आणि स्वच्छ आहे, नाव ठेवायला जागा नाही. ज्याला ॲलन कीचा कंटाळा आहे आणि फक्त उडवायचं आहे, त्यानं तेच घ्यावं आणि हा लेख इथंच सोडावा. आम्हाला मात्र जुळवायचं होतं. शिवाय ९ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्र सरकारनं परदेशी ड्रोनची आयात बंद केली आहे. त्यात पूर्ण तयार, अर्धवट जुळवलेले आणि अख्खे किट, तिन्ही आले. सुट्या भागांना मोकळीक ठेवली. हे हेलिकॉप्टर तर हौसेचं आहे, त्याचा ड्रोनशी काय संबंध, असा वाद कस्टमच्या माणसाशी घालत बसण्यात अर्थ नाही. बिनपायलटचं उडतंय म्हटल्यावर तो एकाच चष्म्यातून बघणार. म्हणून जे देशात आधीच आलेलं आहे ते घ्यायचं, नाहीतर एकेक भाग मागवायचा.

मग ४५० च का? आता फॅशन ३८० आणि ४२० मापाची आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० नं एक घडण पाडून ठेवली: ३२५ मिलिमीटरची पाती, ५ मिलिमीटरचा मेन शाफ्ट, १५० दातांचा मेन गिअर. पुढं चीनमधल्या अनेकांनी तीच मापं उचलली. त्यामुळं एकाचा शाफ्ट दुसऱ्याच्या सांगाड्यात जातो, तिसऱ्याचा बूम, म्हणजे शेपटीची नळी, चौथ्याला बसतो. नवीन मॉडेलांचं तसं नाही. त्या कंपनीनं भाग बनवायचं थांबवलं की तुमचं हेलिकॉप्टर शोकेसमध्ये.

आम्ही नकली सांगाडा घेतला. नकली म्हणायला मला लाज नाही, मापं बरोबर असली की झालं. आल्या आल्या मेन शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला. ०.०२ मिलिमीटरच्या आत धावत होता, म्हणजे पास. ज्या छोट्या दांडीवर दोन्ही पात्यांची पकड बसते ती फेदरिंग शाफ्ट मात्र नजरेला दिसेल इतकी वाकडी होती. ती काढून अलाइनची घातली. बेअरिंगं बोटावर फिरवून बघितली, जी खरखरली ती बदलली. एवढी बारीक बेअरिंगं उद्यमनगरात मिळत नाहीत, मागवावी लागतात. आणि कारखान्यात जोडून आलेला प्रत्येक स्क्रू सोडला. एकालाही थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं चिकट द्रव, नव्हतं. हे फक्त नकली मालात होतं असं समजू नका, ब्रँडवाल्या मालातही कधी कधी निम्म्या स्क्रूंना असतं आणि निम्म्यांना नसतं. धातूत धातू जिथं जातो तिथं निळं लॉकटाइट २४३, टाचणीच्या टोकानं, थेंबभरसुद्धा नको. प्लॅस्टिकला लावायचं नाही, प्लॅस्टिक तडकतं.

मोटर आणि पिनियनचा, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचा, हिशेब लोक अंदाजानं करतात. कागद घेतला तर दोन मिनिटांचं काम आहे. या मापाच्या मोटरी साधारण ३५०० केव्हीच्या येतात, म्हणजे भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला ३५०० फेऱ्या. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची. गुणाकार ३८,८५०. पिनियन १३ दातांचा आणि मेन गिअर १५० चा, म्हणून १३ नं गुणा, १५० नं भागा: रोटर ३३६७ फेऱ्यांवर. भाराखाली यातले ८० ते ८५ टक्केच हातात राहतात, म्हणजे २७०० ते २८५०. हा कसरती करणाऱ्याचा आकडा झाला. शिकणाऱ्याला २३०० पुष्कळ. आता १३ चाच पिनियन ठेवून थ्रोटल खाली ओढला तर मोटरला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर सतत अर्धवट उघडा चालतो आणि तापतो. आम्ही १२ दातांचा घातला. त्यानं वरची मर्यादा २६०० च्या आसपास येते, रोटरच्या फेऱ्या कायम ठेवणाऱ्या गव्हर्नरला २३०० धरायला सांगितलं तरी त्याच्या हातात जोर शिल्लक राहतो. ११ चाही चालला असता, पण तिथं बॅटरी उतरत आली की गव्हर्नरला मागं द्यायला काही उरत नाही.

पिनियन आणि मेन गिअरमधला बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट. साधा कागद दोन्हींच्या मध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, कागद फिरवून बाहेर काढायचा. कागदावर दातांचे वळ उठले पाहिजेत, भोकं पडता कामा नयेत. मग मेन गिअर हातानं पूर्ण फिरवून चारही बाजूंना बघायचं, कारण प्लॅस्टिकचा गिअर अगदी गोल कधीच नसतो. जिथं सगळ्यात घट्ट लागतो तिथं थोडी फट राहिली पाहिजे.

स्पीड कंट्रोलर हॉबीविंगचा प्लॅटिनम ६० ए व्ही ४. या मोटरीला एवढा लागत नाही, तरी घेतला, तो त्याच्या बीईसीसाठी. सर्वो, रिसीव्हर, अंग वळलेलं ओळखणारा जायरो, सगळ्यांना वीज देणारा भाग म्हणजे बीईसी. यात तो ५ ते ८ व्होल्ट लावता येतो आणि सतत ७ अँपिअर देतो. चार डिजिटल सर्वो एकदम झटका मारतात तेव्हा स्वस्तातला बीईसी खाली बसतो, रिसीव्हर क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर जमिनीवर. नंतर लोक रेडिओला शिव्या देतात. व्होल्टेज लावताना सर्वोच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. साध्या ६ व्होल्टच्या सर्वोला ८ दिले तर तो काही दिवस फार जोरात चालेल आणि नंतर अजिबात नाही.

आता सर्वो. इथं जरा थांबतो.

पात्यांचा कोन बदलणारी ताटली, म्हणजे स्वॅशप्लेट, हलवायला तीन लागतात. ते एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, जमल्यास एकाच वेळी घेतलेले. तिघे मिळून एक ताटली उचलतात, त्यात एक जरी हळू निघाला तर वर जाताना ताटली तिरकी होते. गिअर धातूचे हवेत. नाव सांगत नाही, पण एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आम्हाला एकाच स्टिकरचे तीन सर्वो आले. तिघांनाही तोच सिग्नल दिला, हॉर्नच्या, म्हणजे सर्वोवरच्या हाताच्या, टोकाला डायल लावला. दोन जिथून निघाले तिथं परत आले. तिसरा वरून आला की एका जागी थांबायचा आणि खालून आला की दुसऱ्या. डायलवर काटा स्वच्छ वेगळा दिसत होता. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, "सर, हे नॉर्मल आहे." नॉर्मल असेल त्यांच्या घरी. तिघांचंही पार्सल परत केलं आणि केएसटीचे डीएस-२१५ घेतले. डायलच्या परीक्षेत तिघे पास, महिनोन्महिने वापरूनही गिअरमध्ये खुळखुळ नाही. पूर्ण गुण.

टेलच्या सर्वोचं काम या तिघांपेक्षा अवघड आहे. मेन रोटर एका बाजूला फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं, आणि टेल रोटर त्याला धरून ठेवतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण पात्यांचा पिच, म्हणजे कोन, बदलला की ही ओढ बदलते, म्हणजे नुसतं वर-खाली केलं तरी टेलला दर वेळी नवा जोर लावावा लागतो. जायरो ते क्षणात ओळखतो आणि सर्वोला सेकंदाला शेकडो वेळा नवीन जागा सांगतो. सर्वो हळू असेल तर हुकूम पोचेपर्यंत नाक पुढं गेलेलं असतं, मग जायरो उलट ढकलतो, तोही उशिरा पोचतो, आणि टेल कुत्र्याच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलत राहते. लोक जायरोचा गेन, म्हणजे त्याचा तिखटपणा, कमी करतात. हलणं थांबतं, पण आता वाऱ्याची झुळूक आली की नाक वळतं. हा दोष सेटिंगनं जात नाही. ६० अंश फिरायला ०.०५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेणारा सर्वो टेलला हवा. अशा एका सर्वोच्या पैशात स्वस्तातले तीन-चार येतील. तरी घ्यावा.

घेताना एक गोष्ट विचारूनच घ्या: मधली पल्स, म्हणजे सर्वोला मध्यावर ठेवणारा सिग्नल, १५२० मायक्रोसेकंदांची की ७६० ची? खास टेलसाठी बनवलेले बरेच सर्वो ७६० वर चालतात आणि ५६० हर्ट्झपर्यंत सिग्नल घेतात. तसल्या सर्वोला जायरोतून १५२० चा सिग्नल गेला तर तो एका टोकाला जाऊन अडकतो, घूं-घूं करत तापतो आणि थोड्या वेळात त्याचा वास येतो. म्हणून आधी जायरोत आकडा भरायचा, मग प्लग लावायचा. आणि पहिल्यांदा लावताना हॉर्न चढवायचा नाही.

पूर्वी हेलिकॉप्टरला फ्लायबार असायचा, डोक्यावर आडवी दांडी आणि तिच्या टोकांना छोट्या फळ्या. जर्मनीत डीटर श्ल्यूटरनं १९७० च्या आसपास रेडिओवर चालणारं हेलिकॉप्टर खरोखर उडतं करून दाखवलं तेव्हापासून पुढं बरीच वर्षं स्थिरता त्या दांडीतूनच यायची. आता ते काम तीन अक्षांचा जायरो करतो, त्याला फ्लायबारलेस कंट्रोलर म्हणतात. आम्ही दोन बघितले. जर्मनीचा मायक्रोबीस्ट लॅपटॉपशिवाय सेट करता येतो. त्याच्यावर अक्षरांपुढं दिवे आहेत, बटण दाबत एकेका अक्षरावर जायचं आणि रेडिओची काडी हलवून जागा ठरवायची. माझ्या वयाच्या माणसाला हे आवडतं. भाच्याला रोटरफ्लाइट हवं होतं. ड्रोनवाल्यांच्या बीटाफ्लाइटमधून निघालेलं हे हेलिकॉप्टरचं फर्मवेअर खुलं आणि फुकट आहे, लॅपटॉपवर प्रत्येक गोष्ट आकड्यात दिसते. त्यासाठी रेडिओमास्टरचा नेक्सस कंट्रोलर घेतला. त्याच्या बाजूनं एक मोठी गोष्ट म्हणजे तो प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो. टेल हलली तर नुसतं डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागत नाही, आलेख काढून बघता येतं की सर्वो मागं पडतोय की सांगाडा थरथरतोय. उणी बाजू म्हणजे पानं फार आहेत. मोटरमधल्या चुंबकांचे पोल किती हा एक आकडा चुकीचा भरला तरी हेडस्पीड, म्हणजे रोटरच्या फेऱ्या, खोटा दिसतो, आणि गव्हर्नर त्या खोट्यालाच खरं धरून चालतो. रेडिओ रेडिओमास्टरचा बॉक्सर, एक्स्प्रेस एलआरएस या सिग्नलपद्धतीचा. सिग्नल तुटण्याची तक्रार नाही. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता जुळवणी. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन सोडवून टेप लावून ठेवायच्या आणि मगच बॅटरी जोडायची. हे ४५० दिसायला खेळणं आहे, पण २५०० फेऱ्यांवर पात्याचं टोक ताशी ३३० किलोमीटरच्या पुढं जातं. टेबलावर मोटर चुकून सुरू झाली तर बोटं वाचत नाहीत.

रेडिओत हेलिकॉप्टरचं सगळं मिक्सिंग, म्हणजे एका हुकमाची सर्वोंत वाटणी, बंद ठेवायचं. मिक्सिंग आता जायरोचं काम. मध्य सरकवणारे रेडिओचे ट्रिमही शून्यावर, त्यांना हात लावायचा नाही. मग सर्वो मध्यावर आणून हॉर्न चढवायचा. हॉर्न लिंकेजला, म्हणजे त्याला जोडलेल्या सळीला, काटकोनात हवा, पण सर्वोच्या शाफ्टला दाते असतात, त्यामुळं नेमका काटकोन क्वचितच मिळतो. चार हातांचा हॉर्न असेल तर एकेका हातानं लावून बघायचं. प्रत्येक हात थोड्या वेगळ्या कोनात बसतो, जो सगळ्यात जवळ येईल तो ठेवायचा आणि बाकीचे तीन कापायचे. उरलेला अर्धा-एक अंश जायरोच्या सबट्रिममधून. लिंक आखूड-लांब करून तो काटकोन आणायचा प्रयत्न करू नये, त्यानं वर-खालची धाव असमान होते.

स्वॅशप्लेट सपाट आहे की नाही हे बघायला लेव्हलर नावाचं हत्यार मिळतं. मी विकत घेतलं नाही. ॲल्युमिनियमचा रॉड चकमध्ये धरला, ४.८ नं ड्रिल मारलं, ५ चा रीमर घातला आणि जॉब न सोडता त्याच सेटिंगमध्ये फेस घेतला, म्हणजे बोअर आणि फेस एकमेकांना नेमके काटकोनात. रोटर हेड काढून तो शाफ्टवर सोडला. हातानं सोडल्यावर आपल्या वजनानं सावकाश खाली उतरला पाहिजे, खटकन पडला तर बोअर मोठा झाला म्हणायचं. तो ताटलीवर टेकला की उजेडासमोर धरायचं. एका बाजूनं केसाएवढी फट दिसली तर त्या बाजूची लिंक अर्धा वळसा. भाच्यानं फोनमधला लेव्हलचा ॲप लावून "मामा, बरोबर आहे की" म्हटलं होतं. उजेडात मागच्या सर्वोच्या बाजूला फीलर गेजचं ०.१५ चं पान सहज गेलं.

त्यानंतर पिच. काडी मध्यावर असताना दोन्ही पात्यांचा पिच शून्य. डिजिटल पिच गेज लावायचा, आणि खात्री म्हणून दोन्ही पाती मागं दुमडून एकमेकांवर आणायची. शून्य खरं असेल तर दोघांच्या कडा समांतर बसतात. मग वर १० आणि खाली १० अंश. जागेवर तरंगायला पाचेक अंश पुरतात, ११-१२ कसरतीवाल्यांना. वर-खाली समान नसेल तर पुन्हा हॉर्न बघा, आकडे बदलून लपवू नका.

यानंतरची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती टाळली तर आधीचं सगळं पाण्यात. हेलिकॉप्टर हातात धरून नाक खाली करायचं, ताटली मागं कलली पाहिजे. डावीकडं कलतं केलं तर ताटली उजवीकडं. नाक एका बाजूला फिरवलं की टेलचा सर्वो ते परत आणेल अशा बाजूला हलला पाहिजे, आणि ती बाजू काडीनं त्याच दिशेला वळवल्यावर सर्वो जिकडं जातो त्याच्या उलटी असते. जायरोची दिशा उलटी राहिली तर हेलिकॉप्टर जमीन सोडायच्या आधीच आडवं पडतं, ते सावरायला कुणाचाच हात पुरत नाही.

पात्यांची गोष्ट वेगळी. कार्बनची ३२५ ची जोडी "जुळवलेली" म्हणून पाकिटात येते. आमच्याकडचा वजनकाटा एवढं बारीक दाखवत नाही, म्हणून गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यानं पाती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"मेस्त्री, हे सोनं न्हवं, चांदी न्हवं. काय वजन करायचं ह्याचं?"

"दोघांत फरक किती तेवढं सांगा, शेठ. भाव नको."

फरक ०.४ ग्रॅम निघाला. तो हसला, म्हणाला एवढ्यावर आम्हीही भांडत नाही. पण हिशेब करा: हा फरक शाफ्टपासून २० सेंटिमीटरवर आहे असं धरलं तर २४०० फेऱ्यांवर त्याची एका बाजूला ओढ जवळपास अर्ध्या किलोची होते, आणि ती सेकंदाला ४० वेळा दिशा बदलत सांगाडा हलवते. तो थरथराट जायरोला खरी हालचाल वाटतो. हलक्या पात्याला पारदर्शक टेप गुंडाळून वजन सारखं केलं. टेप कुठं लावायची हे दोन्ही पात्यांचा तोल सुरीच्या धारेवर बघून ठरवलं. पुढच्या जोडीला हेच करावं लागलं नाही, ती खरोखर जुळलेली होती. नशिबाचा भाग आहे.

टेलचा बेल्ट फार ताणू नये. बूमच्या मागच्या टोकाकडून बोटानं दाबला तर थोडा दबला पाहिजे. थंडीत कोरड्या हवेत हा बेल्ट घासून स्थिर वीज तयार करतो आणि ती जायरोच्या वायरींत शिरली की सर्वो उगाच फडफडतात. बूमपासून मोटरच्या अंगापर्यंत एक बारीक तार जोडली की प्रश्न मिटतो, मात्र बूमवरचं ॲनोडाइजिंग खरवडून मगच जोडायची. तो थर वीज जाऊ देत नाही.

बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच. उडवून झाल्यावर सेल ३.७ व्होल्टच्या खाली जाता कामा नये, दोन-तीन दिवस वापरायची नसेल तर ३.८ वर आणून ठेवायची. टायमर पाच मिनिटांचा. एप्रिल-मेत गाडीच्या डिकीत ठेवली की ती फुगते, हे सांगून भाच्याला पटलं नाही, फुगल्यावर पटलं.

उडवायच्या जागेचं बघा. उजळाईवाडीच्या विमानतळामुळं कोल्हापूर शहराचा बराच भाग सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर लाल-पिवळ्यात, म्हणजे बंदी किंवा परवानगीच्या भागात, येतो. बॅटरीसकट किलोच्या आतलं हे यंत्र नियमात मायक्रो गटात बसतं, हौसेखातर उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, पण म्हणून कुठंही उडवता येत नाही. नोंदणीचं काय ते आधी वाचून घ्यावं. आम्ही पन्हाळ्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतात जातो. ऊस तुटून गेलेला असतो तेव्हाच. उभ्या उसात हेलिकॉप्टर पडलं तर ते दिसत नाही, आवाजही येत नाही, आणि आत शिरलं की पानं अंग कापतात. शेतमालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, "पाव्हणं, कडंच्या रानाला पाणी सुटलंय, तिकडं पडलं तर सकाळपातूर ठेवा तसंच." म्हणून कॅनोपी, म्हणजे पुढचं कवच, भडक नारिंगी घेतली आणि जायरोला बीपर जोडला. दिसायला वाईट दिसतं. सापडतं मात्र लगेच.

पडल्यावर काय जातं याचा अनुभव आता पुरेसा आहे: फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट, मेन गिअर, पाती, कधी बूम. हे सगळं नकली मालात स्वस्त पडतं, दोन-दोन जोड घरात ठेवावेत. सर्वोंना आतापर्यंत काही झालेलं नाही, टेलच्या सर्वोला तर ओरखडासुद्धा नाही. भारी वस्तू शाबूत आणि हलकी मोडते, हिशेब असाच बसायला हवा होता.

घेण्याचा क्रम विचाराल तर आधी रेडिओ, आणि तो यूएसबीनं संगणकाला लावून सिम्युलेटरवर नाक आपल्याकडं ठेवून तरंगायला जमेपर्यंत बाकीचं काही मागवू नये. मग टेलचा सर्वो आणि फ्लायबारलेस, मग तीन सर्वो, मग स्पीड कंट्रोलर. सांगाडा सगळ्यात शेवटी, जो त्या आठवड्यात स्वस्त मिळेल तो.

सध्या भाच्याचा आग्रह आहे की बेल्ट काढून टॉर्क ट्यूब, म्हणजे टेल फिरवणारी दांडी, घालू, आवाज भारी येतो म्हणे. मी तयार नाही. उतरताना टेल जमिनीला टेकली की बेल्ट फार तर दोन दाते घसरतो आणि पुन्हा चालतो. ट्यूबच्या टोकांना प्लॅस्टिकचे बारीक गिअर असतात, त्यांचे दात तिथंच साफ होतात. त्याला नीट उतरवता आलं की मग बघू.